एईओ टी-२ मिळेपर्यंतचे अकरा महिने

३० जून २०२३ ला अमेरिकेतल्या आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाकडून एक मेल आला. सोबत बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली. रिकामा कंटेनर आत घेताना कोण तपासतं? सील कुठे ठेवता? रात्री गेटवर किती माणसं असतात? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल किती दिवसांत बंद होतो? शेवटचा प्रश्न होता, तुम्ही तुमच्या देशाच्या एईओ योजनेत (कस्टम्सने भरवशाचे म्हणून मान्य केलेल्या व्यापाऱ्यांची योजना) आहात का, असाल तर कोणत्या श्रेणीत?

आमचा कारखाना पंपांचे सुटे भाग करतो. साठेक माणसं, एक शेड, एक गोदाम. निर्यातीची कागदपत्रं मी एकटी पाहते. बासष्टपैकी वीसेक प्रश्नांना मला प्रामाणिकपणे उत्तर देता येत नव्हतं. रात्री झोप आली नाही, कारण हा ग्राहक गेला तर निर्यातीचा निम्मा धंदा जाणार होता.

आता हातात टी-२ चं प्रमाणपत्र आहे. मधल्या काळात मला मराठीत लिहिलेला एकही अनुभव सापडला नाही, म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहिते आहे.

आधी थोडं मागचं, कारण ते कळल्यावर माझी भीती कमी झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने सी-टीपॅट ही ऐच्छिक योजना सुरू केली. आयातदाराने आपली पुरवठा साखळी सुरक्षित ठेवायची आणि त्या बदल्यात त्याच्या मालाची तपासणी कमी होणार. २००५ मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने सेफ नावाची चौकट स्वीकारली आणि देशोदेशी अशा योजना उभ्या राहिल्या. भारताने २०११ मध्ये प्रायोगिक सुरुवात केली. २०१६ मध्ये आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा तीन श्रेणी आल्या, तर वाहतूकदार, कस्टम्स ब्रोकर, गोदामवाले यांच्यासाठी एलओ ही वेगळी श्रेणी. भारतातल्या कारखान्याला सी-टीपॅटचं सदस्य होता येत नाही. पण आपला ग्राहक सदस्य असतो आणि त्याला आपल्याबद्दल उत्तर द्यावं लागतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारत आणि अमेरिकेने एकमेकांच्या योजना मान्य करण्याचा करार केला, म्हणून तो शेवटचा प्रश्न.

जुलैचा पहिला पंधरवडा मी एका चुकीच्या समजुतीत घालवला. वर्षाला कस्टम्सकडे भरलेली किमान २५ बिलं लागतात असं कुठेतरी वाचलं होतं आणि आमची २०२२-२३ ची शिपिंग बिलं होती १८. साहेबांना तसं सांगूनही टाकलं. मग आमच्या सीएचएने (कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट) डिसेंबर २०२० चं परिपत्रक पाठवलं. एमएसएमईसाठी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांसाठी, अट सैल केली आहे: वर्षात १० कागद, त्यातले प्रत्येक सहामाहीत किमान ५. आमची पहिल्या सहामाहीत ७, दुसरीत ११. धंद्याची अटही तीनऐवजी दोन वर्षांची. परिशिष्टं कमी आणि निर्णयाची मुदतही कमी: टी-१ साठी १५ कामाचे दिवस, टी-२ साठी तीन महिने, तेही अर्ज पूर्ण धरला गेल्यापासून. तुमचा कारखाना लहान असेल तर उद्यम नोंदणी अर्जात पहिल्याच दिवशी जोडा आणि जुन्या लेखांवर विसंबू नका, मूळ परिपत्रक वाचा.

एका सल्लागाराला विचारलं. त्याने अडीच लाख सांगितले, वर म्हणाला, "मॅडम, एसओपी सगळे आमच्याकडे तयार असतात, फक्त नाव बदलायचं." एसओपी म्हणजे कामाच्या लेखी पद्धती. अर्जाला सरकारी शुल्क एक रुपयाही नाही. साहेबांनी विचारलं, "तुला जमेल?" मी हो म्हटलं, पण आवाज माझाच मला परका वाटला.

सीएचएचं म्हणणं होतं की आधी टी-१ करा, सवय होईल. टी-१ फक्त कागदांवर मिळते, कोणी कारखान्यात येत नाही. गेल्या दोन वर्षांत फसवणूक, खोटी कागदपत्रं, कर गोळा करून न भरणं अशा कारणांसाठी कारणे दाखवा नोटीस आलेली नसावी, हिशेब नीट असावेत आणि कंपनी आर्थिकदृष्ट्या उभी असावी. सीएचं प्रमाणपत्र, ताळेबंद, कामाची साखळी दाखवणारा तक्ता, जबाबदार व्यक्तींची नावं हे सगळं गोळा करायला ऑगस्ट गेला. ४ सप्टेंबरला पोर्टलवर अर्ज भरला. १५ तारखेला त्रुटी आली: आयईसीवरचा (आयात-निर्यात कोड) पत्ता आणि जीएसटीवरचा पत्ता जुळत नाही. आम्ही २०१९ मध्ये शेजारचा गाळा घेतला होता. जीएसटीत तो घातला होता, आयईसीत राहून गेला होता. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसी अद्ययावत करताना मी न वाचता बटण दाबत आले होते. दुरुस्तीला २०० रुपये लागले आणि दोन आठवडे गेले. ९ ऑक्टोबरला टी-१ आलं.

तुम्ही अर्ज भरणार असाल तर त्याआधी आयईसी, जीएसटी, पॅन, उद्यम आणि बँकेचं पत्र हे पाच कागद टेबलावर शेजारी ठेवा आणि नाव-पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा. स्वल्पविरामसुद्धा.

खरं काम पुढे होतं. टी-२ ला सुरक्षेचा भाग येतो: कामाची पद्धत, आवार, माल, वाहनं, माणसं, व्यवसाय-भागीदार, प्रशिक्षण. प्रत्येकाबद्दल 'तुम्ही काय करता' ते लिहायचं आणि पुरावा जोडायचा. मी पहिला मसुदा तीन दिवसांत लिहिला, छान भाषेत. मग तो घेऊन गेटवर गेले आणि आमच्या दिवसपाळीच्या काकांना वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ताई, यातलं निम्मं आपण करत नाही."

मी तो मसुदा बाजूला ठेवला. पुढचे सहा आठवडे उलट्या बाजूने काम केलं. आधी रोज जे होतं ते पाहायचं, चूक असेल तर बदलायचं, बदललेलं दोन आठवडे टिकलं तरच लिहायचं. माझ्या मते या प्रक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं.

सगळ्यात जास्त वेळ रिकाम्या कंटेनरवर गेला. आधी आम्ही काय करायचो? दार उघडून आत झाडू मारायचा, छताला भोक आहे का ते उजेडात बघायचं, की लागले भरायला. सुरक्षेच्या दृष्टीने सात जागा पाहायच्या असतात: बाहेरून आणि खालून, दारं आतून-बाहेरून, उजवी बाजू, डावी बाजू, समोरची भिंत, छत, तळ. हे का, ते मी काकांना आणि फोरमनना बसवून सांगितलं. समोर खोटी भिंत उभी करून मागे फूटभर पोकळी ठेवली तर डोळ्यांना कळत नाही, टेपने कळतं. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर असते. ५.६ भरली, तर थांबायचं. बिजागऱ्या आणि कडीचे रिवेट पाहायचे, कारण ते काढून दार उतरवलं तर सील न तोडता आत शिरता येतं. नवा रंग, ताजी वेल्डिंग, गोंदाचा वास, हातोडीने ठोकल्यावर वेगळा आवाज. आणि माती, किडे, बिया, तेही पाहायचं, कारण किडीचा प्रादुर्भावही आता सुरक्षेतच मोजतात.

कंटेनरच्या नंबराचं काकांना विशेष आवडलं. चार अक्षरं आणि सात आकडे. यातला शेवटचा आकडा बाकीच्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. म्हणजे कोणी एक अक्षर खाडाखोड करून बदललं तर हिशेब सहसा जुळत नाही. मी त्यांच्या फोनवर तो हिशेब करणारं पान उघडून दिलं. तेव्हापासून आजतागायत त्यांनी एकही कंटेनर नंबर पडताळल्याशिवाय आत घेतलेला नाही. नोव्हेंबरात एका कंटेनरच्या दारावरचा नंबर आणि बाजूवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक निघाला. बहुधा रंगवणाऱ्याची चूक असावी, पण आम्ही तो परत पाठवला. माल एक दिवस उशिरा गेला आणि साहेब काही बोलले नाहीत. काकांसाठी हे फार मोठं होतं. माझ्यासाठीही.

सीलची गोष्ट मात्र लाजेची आहे. निर्यातीचा कंटेनर कारखान्यात भरून आपणच सील लावतो, आरएफआयडी ई-सील, जे बंदरात रेडिओ लहरींनी वाचलं जातं. त्याची माहिती शिपिंग बिलाच्या नंबरासकट ऑनलाइन भरावी लागते. सील आयएसओ १७७१२ प्रमाणे उच्च सुरक्षेचं असतं, अंगावर 'एच' खूण असते. लावल्यावर चार गोष्टी करायच्या: पाहायचं, नंबर कागदाशी पडताळायचा, जोरात ओढायचं, पिळून बघायचं. हे आम्ही शिकलो. पण ६ डिसेंबरला मी सीलचा साठा मोजला तर नोंदवहीपेक्षा दोन सील कमी. पूर्ण दिवस शोधलं. शेवटी फोर्कलिफ्टच्या सीटखालच्या कप्प्यात सापडले, 'घाईत हाताशी असावेत' म्हणून कोणीतरी ठेवलेले. चोराला दुसरं काय हवं? असली सील मिळालं की तो रस्त्यात कंटेनर उघडतो, हवं ते आत टाकतो आणि नवं सील लावतो. त्याच संध्याकाळी कुलपाची पेटी आणली, एक किल्ली माझ्याकडे, एक फोरमनकडे, आणि सील देताना-घेताना दोन सह्या. हा प्रसंग मी अर्जाबरोबरच्या अंतर्गत तपासणी अहवालात लिहिला. लपवावा असं सुचवणारे होतेच, पण तोवर माझं मन पक्कं झालं होतं.

माणसांच्या भागात कळलं की मार्चमध्ये सोडून गेलेल्या एका मुलाचा ईमेल ऑक्टोबरपर्यंत चालू होता. आता एचआरच्या 'ना देणे' फॉर्मवर ओळखपत्र, किल्ली, ईमेल, सॉफ्टवेअरचा पासवर्ड या चार चौकटी आहेत आणि शेवटच्या दिवशी त्या भरल्याशिवाय हिशेब निघत नाही.

भागीदारांचा भाग सगळ्यात त्रासाचा. ट्रान्सपोर्टर, सीएचए, सफाईचा ठेकेदार, सुरक्षा एजन्सी, सगळ्यांकडून घोषणापत्रं हवी होती. सीएचएने दुसऱ्या दिवशी दिलं. आमच्या एका ट्रान्सपोर्टरने तीन आठवडे फोन उचलले नाहीत, मग म्हणाला, "सही केली आणि काही झालं तर मला धरणार ना?" त्याची भीती मला खोटी वाटली नाही. मी कागद बाजूला ठेवून त्याच्या दोन ड्रायव्हरांशी बोलले. कारखान्यातून न्हावा शेवाला किती तास लागतात, जेवायला कुठे थांबता, तिथे ट्रेलर नजरेसमोर असतो का. त्यावरून ठरावीक वेळ आणि एकच थांबा असं लिहिलं, जास्त थांबावं लागलं तर फोन करायचा. हे त्याला पटलं, कारण ते त्याच्याच माणसांनी सांगितलेलं होतं. सही मिळाली १४ डिसेंबरला. दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टरने जीपीएस द्यायलाच नकार दिला, त्याचं काम आम्हाला थांबवावं लागलं.

१८ डिसेंबरला टी-२ चा अर्ज गेला. खर्चाचा हिशेब असा: जादा कॅमेरे आणि तीस दिवसांचं चित्रण राहील एवढी हार्ड डिस्क ६४,०००, भिंतीवरची तार आणि मागच्या बाजूचे दिवे ७१,०००, सीलची पेटी आणि कपाट ९,५००, ओळखपत्रं, पाट्या, नोंदवह्या ६,८००. एकूण १,५१,३०० रुपये. यातला तारेचा खर्च आम्हाला नाहीतरी करायचाच होता.

मग वाट पाहणं. १९ जानेवारीला त्रुटी आली: आवाराच्या नकाशात मागचं छोटं दार दाखवलेलं नाही. आम्ही ते दार वापरतच नाही, म्हणून काढलं नव्हतं. पण दार आहे, म्हणजे ते नकाशात हवं. नवा नकाशा, दाराच्या कुलपाचा फोटो आणि तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र पाठवलं. फेब्रुवारीत काहीच हललं नाही. रोज सकाळी पोर्टल उघडायची मला सवय लागली होती. तुम्ही तसं करू नका. आठवड्यातून एकदा बघा आणि महिना उलटला तर विभागाच्या एईओ कक्षाला अर्ज क्रमांकासह सौम्य मेल करा. माझ्या मेलला दोन दिवसांत उत्तर आलं.

प्रत्यक्ष पाहणी १४ मार्च २०२४ ला ठरली. मार्चअखेर, माल काढायची धांदल, त्यातच त्या दिवशी दुपारी कंटेनर लागणार होता. पुढे ढकलावा का, असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "येऊ दे. काम चालू असताना बघितलेलं बरं." तो निर्णय योग्य ठरला.

दोन अधिकारी अकराला आले. गेटवर काकांनी त्यांचीही ओळखपत्रं पाहिली, नोंद केली, अभ्यागताचे बिल्ले दिले. मी चार फायली मांडून बसले होते, पण पहिला दीड तास माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. ते काकांशी बोलले. गाडीची कागदपत्रं संशयास्पद वाटली तर काय करता? कोणाला फोन करता? नंबर पाठ आहे? काकांनी भिंतीवरच्या यादीकडे न बघता तीन नंबर सांगितले. मग सफाई करणाऱ्या मावशींना विचारलं, अनोळखी माणूस गोदामात दिसला तर? त्या म्हणाल्या, "बिल्ला नसंल तर आधी त्याला इचारते आन् मग फोरमनला आवाज देते." अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी कंटेनर आला. सात जागांची तपासणी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून पाहिली. मग म्हणाले, १२ फेब्रुवारीला गेलेल्या कंटेनरचं सील लावतानाचं चित्रण दाखवा. तीस दिवसांची मर्यादा तोवर उलटून गेली होती! १२ फेब्रुवारी म्हणजे ३१ दिवस. नशीब की प्रत्येक कंटेनर भरतानाचं (स्टफिंगचं) चित्रण वेगळं काढून ठेवायची पद्धत आम्ही डिसेंबरातच लावली होती. फाइल मिळाली, पण कॅमेऱ्याचं घड्याळ आणि गेटवहीतली वेळ यांत ११ मिनिटांचा फरक निघाला. माझे हात गार पडले. त्यांनी तो निरीक्षणात लिहिला आणि शांतपणे सांगितलं की दर सोमवारी वेळ जुळवून नोंद ठेवा.

एकूण तीन निरीक्षणं होती: घड्याळ, रात्रपाळीच्या बदली रखवालदाराचं प्रशिक्षण नोंदलेलं नाही, आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप पण किल्लीची नोंदवही नाही. नऊ दिवसांत तिन्ही दुरुस्त करून फोटोंसह उत्तर पाठवलं. निरीक्षणं आली म्हणजे नापास, असं मला वाटत होतं. तसं नसतं. वेळेत आणि खरी दुरुस्ती त्यांना हवी असते.

पुढे विभागाची शिफारस दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क संचालनालयाकडे जाते आणि प्रमाणपत्र तिथून निघतं. एप्रिल गेला, मे निम्मा गेला. अर्जापासून तीन महिने कधीच उलटले होते. एकदा वाटलं, उगाच सगळ्यांना कामाला लावलं. २७ मे ला दुपारी चारला मेल आला. मी आधी गेटवर गेले.

फायद्यांबद्दल मोजकंच सांगते, कारण ते धंद्यानुसार बदलतात. आगाऊ परवान्यावर (निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल शुल्क न भरता आणायची परवानगी) कच्चा माल आणताना बँक हमी द्यावी लागते. एमएसएमईला टी-१ वर ती नेहमीच्या २५ टक्के आणि टी-२ वर १० टक्के लागते. आमच्यासारख्या लहान कारखान्याचे अडकलेले पैसे यातून सुटले, आणि हा फायदा टी-१ पासूनच सुरू झाला होता. तपासणी कमी होते, पण शून्य होत नाही. जुलैत आमचा एक कंटेनर उघडला गेलाच. दुसऱ्या देशांशी झालेल्या करारांचा लाभ टी-२ आणि टी-३ लाच मिळतो. तुमचे ग्राहक अमेरिका, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग इथे असतील तर टी-१ वर थांबू नका. आणि निर्यातच करत नसाल, अधूनमधून थोडी आयात असेल, तर टी-२ चा खटाटोप करण्याआधी टी-१ चं गणित मांडून बघा.

ग्राहकाला प्रमाणपत्र पाठवताना नाव-पत्ता प्रमाणपत्रावर जसा आहे तसाच इनव्हॉइसवर आहे ना, हे पाहा. आमच्या इनव्हॉइसवर 'प्रायव्हेट' शब्द संक्षिप्त होता, तो बदलला. यंदा त्यांच्याकडून बासष्टऐवजी चौदा प्रश्न आले आणि चौदाचीही उत्तरं मी एका दुपारी दिली, बहुतेक नोंदवहीत बघून.

पुढच्या महिन्यात आम्ही शेजारचं आणखी एक गोदाम भाड्याने घेतो आहोत. जागा बदलली की ते कळवावं लागतं, म्हणून नकाशा नव्याने काढायला घेतला आहे. काकांनी आधीच विचारलं आहे की त्या गोदामाला मागे दार आहे का.